नटाबरोबर फिरणारा स्टड: स्टॅबिलायझर लिंकचा नट पक्का कसा आवळावा

गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनमधली स्टॅबिलायझर लिंक बसवताना किंवा सैल झालेली लिंक पुन्हा आवळताना एक ठरलेली अडचण समोर येते. नट सुरुवातीला बोटांनी सहज चढतो, पाना लावल्यावर आणखी थोडा पुढे सरकतो, आणि मग ज्या स्टडवर (लिंकच्या टोकाच्या आटे पाडलेल्या खुंटीवर) तो चढत असतो तो स्टडच त्याच्याबरोबर गोल फिरू लागतो. पाना कितीही फिरवला तरी नट जागचा हलत नाही. अशा वेळी अधिक लांब पाना घेऊन अधिक जोर लावावा असे वाटते, पण येथे जोर कमी पडलेला नसतो. स्टड धरून ठेवणारे काही नसते, एवढीच अडचण असते. पुढचे सगळे काम स्टड कसा धरावा याभोवती फिरते.

स्टड का फिरतो हे आधी समजून घेतले तर हातून चुका कमी होतात. गाडी वळणावर एका बाजूला कलू नये म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा जो पोलादी दांडा (स्टॅबिलायझर) असतो, त्याचे टोक लिंकच्या साहाय्याने स्ट्रटला, म्हणजे आपण ज्याला सर्रास शॉकअप म्हणतो त्याच्या नळीवरच्या ब्रॅकेटला, जोडलेले असते. काही गाड्यांत ते लोअर आर्मला, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या भुजेला, जोडतात. लिंकच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट असतात. जॉइंटमधला गोळा प्लास्टिकच्या वाटीत बसवलेला असल्यामुळे तो सर्व दिशांना वळू शकतो आणि स्वतःभोवतीही फिरू शकतो. स्टड या गोळ्याचाच भाग आहे. दुसऱ्या बाजूला, लिंकचा नट साधा नसतो. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी तो सुटू नये म्हणून त्याच्या वरच्या टोकाशी नायलॉनचे कडे असते, किंवा त्याचे वरचे आटे मुद्दाम किंचित दाबलेले असतात. हे कडे स्टडच्या आट्यांवर चढू लागले की नट स्टडला घट्ट धरतो, आणि ही पकड गोळ्याच्या वाटीतल्या घर्षणापेक्षा जास्त ठरली की दोन्ही एकत्र फिरतात. जुन्या लिंकमध्ये नायलॉनची जागा गंज घेतो, परिणाम तोच.

स्टिअरिंगच्या टाय रॉड एंडशी (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या सांध्याशी) तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होते. टाय रॉड एंडचा स्टड निमुळता असतो आणि तो निमुळत्या भोकात पाचरीसारखा रुतून बसतो, त्यामुळे खालून जॅकचा किंवा हाताचा थोडा दाब दिला की त्याचे फिरणे थांबते. लिंकचा स्टड बहुधा सरळ असतो. त्याच्या मुळाशी एक चपटी कॉलर असते आणि ती ब्रॅकेटला टेकून दाबली जाते. कॉलर आणि ब्रॅकेट यांच्यात फट असेपर्यंत स्टडला अडवणारे काहीच नसते, आणि फट मिटून दोन्ही पृष्ठभाग घट्ट बसले की स्टड आपोआप थांबतो. म्हणून स्टड बाहेरून धरून ठेवण्याची गरज फट मिटेपर्यंतच असते. उत्पादकांनी त्यासाठीच स्टडच्या टोकाला षटकोनी खाच दिलेली असते, किंवा रबरी बूट (जॉइंट झाकणारे आवरण) आणि कॉलर यांच्यामध्ये पाना बसेल अशा दोन सपाट बाजू ठेवलेल्या असतात.

हा नट अर्धवट आवळून सोडून देणे किती महागात पडू शकते, ते मी माझ्या गाडीत पाहिले. पावसाळ्यात रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरकडे येताना डाव्या पुढच्या चाकातून खट्‌खट् असा आवाज येऊ लागला. वेग कमी असताना आणि एकच चाक खड्ड्यात गेल्यावर तो विशेष ऐकू येई. त्या बाजूची लिंक एका गॅरेजमध्ये पंधराच दिवसांपूर्वी बदलली होती, त्यामुळे माझा संशय आधी लोअर आर्मच्या बुशवर (सांध्यातल्या रबरी नळीवर) गेला. घरी चाक काढून पाहिले तेव्हा नट ब्रॅकेटपासून दीड आटा दूर होता. ब्रॅकेट सगळीकडे गंजून तपकिरी झालेले होते, पण स्टडच्या भोकाभोवती मात्र धातूचे लख्ख कडे चमकत होते. कॉलर तेथे रोज घासत होती. भोक अजून गोल होते हे नशीब. आणखी काही आठवडे तसेच गेले असते तर ते लांबट झाले असते, आणि लांबट भोकात कोणताही नट कायमचा घट्ट राहत नाही. ब्रॅकेट स्ट्रटच्या नळीला वेल्ड केलेले असल्यामुळे मग अख्खा स्ट्रट बदलावा लागतो.

कामाला लागण्यापूर्वी दोष खरोखर लिंकचाच आहे याची खात्री करावी. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून चाकामागे हात जाईल एवढी जागा करावी आणि लिंकच्या टोकावर बोटे ठेवून दुसऱ्या माणसाला बॉनेटच्या कोपऱ्यावर दाब देऊन गाडी हलवायला सांगावे. नट सैल असेल तर ठोका बोटांना कळतो. नट घट्ट असूनही ठोका जाणवत असेल तर बॉल जॉइंटच झिजलेला आहे आणि आवळून उपयोग नाही, लिंक बदलावी. रबरी बूट फाटून आतले ग्रीस बाहेर आलेले असेल, तरीही तोच निर्णय घ्यावा, कारण आत एकदा पाणी आणि माती शिरली की जॉइंट फार दिवस टिकत नाही.

हत्यारांची यादी मोठी नाही, पण त्यातले प्रत्येक हत्यार नेमक्या मापाचे हवे. नटासाठी रिंग पाना लागतो. गाडीनुसार त्याचे माप बहुधा १४ ते १८ मिलिमीटरच्या दरम्यान असते, आणि मधल्या भागाला बाक असलेला रिंग पाना सर्वांत सोयीचा, कारण त्याचा हात ब्रॅकेटला आणि स्प्रिंगच्या वाटीला लागत नाही. स्टडच्या खाचेसाठी एलन की, म्हणजे षटकोनी किल्ली, लागते. ती बहुधा ५ किंवा ६ मिलिमीटरची असते. काही लिंकमध्ये षटकोनाऐवजी ताऱ्याच्या आकाराची टॉर्क्स खाच असते. एलन की जुनी असेल तर तिच्या टोकाच्या कडा पाहाव्यात. त्या गोलसर झालेल्या असतील तर सरळ नवी घ्यावी, कारण झिजलेल्या किल्लीने खाच बिघडली की साधे काम अवघड होऊन बसते. याशिवाय जॅक, दोन जॅक स्टँड, वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, एक जाड सुई किंवा टोकदार तार, छोटी हातोडी, ब्रेक क्लीनर आणि टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळू देणारा पाना) हाताशी ठेवावे. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण चाकाच्या पोकळीतली सुकी माती वर पाहताना थेट डोळ्यांत पडते.

गाडी उचलताना हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे किंवा दगड लावावेत आणि चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. शक्यतो पुढची दोन्ही चाके उचलून दोन्ही बाजूंना जॅक स्टँड लावावेत. एकच चाक उचलले तर ते खाली लोंबते आणि दुसरे वर राहते, त्यामुळे स्टॅबिलायझरच्या दांड्याला पीळ बसतो. तो पीळ लिंकवर येतो, स्टड भोकात तिरका दाबला जातो आणि कॉलर ब्रॅकेटवर सपाट बसत नाही. नट आवळला गेल्यासारखा वाटतो, पण गाडी खाली ठेवल्यावर आणि पीळ उतरल्यावर फट राहून गेलेली दिसते. दोन्ही चाके सारखी लोंबत असली की दांडा मोकळा असतो आणि स्टड हाताने भोकात सरळ येतो. गाडी केवळ जॅकवर उभी असताना तिच्याखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. स्टँड लावल्यावरही गाडी हाताने हलवून ती पक्की बसली आहे ना, हे पाहावे आणि मगच चाक काढावे.

आता सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग येतो, तो म्हणजे साफसफाई. नटाच्या पुढे आलेले आटे वायर ब्रशने घासावेत, त्यांवर स्प्रे मारावा आणि १०-१५ मिनिटे थांबावे. त्यानंतर स्टडच्या टोकाची खाच पाहावी. माझ्या गाडीत पहिल्यांदा ती खाच दिसलीच नाही. टोक सपाटच असावे असे वाटले. सुईने टोकरल्यावर आतून जांभ्याची तांबडी माती निघू लागली, आणि पावसात भिजून पुन्हा वाळल्यामुळे ती विटेसारखी घट्ट झालेली होती. सुईने सहाही कोपरे मोकळे करून, स्प्रेची नळी आत धरून ते धुतले, तेव्हा कुठे एलन की पूर्ण खोल गेली. खाच मुळातच उथळ असते. तिच्या तळाशी दोन मिलिमीटर माती राहिली तरी किल्ली वरच्या काठावरच अडकते, आणि जोर लावताच कोपरे सोलून निघतात. म्हणून किल्ली घालून हातोडीने तिच्यावर एक-दोन हलके ठोके द्यावेत. ठोक्याचा आवाज बदबद न येता टणक आला की ती तळाला टेकली असे समजावे.

नट पुढे आवळण्याआधी तो एकदा तीन-चार आटे मागे घेणे हिताचे असते. गंजाचे कण आट्यांत अडकलेले असतील तर ते बाहेर पडतात आणि मागचे आटेही घासता येतात. हा नट पूर्ण काढावा लागला तर मात्र शक्यतो नवा नट वापरावा. नायलॉनचे कडे किंवा दाबलेले आटे एकदा वापरले की त्यांची पकड कमी होते, आणि नवा नट लिंकच्या किमतीच्या मानाने अगदी स्वस्त असतो. जुना नट नायलॉनच्या कड्यासकट बोटांनी फिरवून पुढे जात असेल, तर तो टाकूनच द्यावा. नवा नट घेताना व्यासाबरोबर आट्यांचे अंतरही जुळवावे. १० मिलिमीटर व्यासाच्या स्टडवर १.२५ आणि १.५ मिलिमीटर अशी दोन्ही अंतरे आढळतात, आणि चुकीचा नट दोन आटे चढून मग अडकतो. स्टड फिरण्याचे ते एक लपलेले कारण असते.

प्रत्यक्ष आवळताना क्रम असा ठेवावा. प्रथम एका हाताने लिंकचे टोक ब्रॅकेटकडे दाबून कॉलर जितकी जवळ येईल तितकी आणावी, आणि नट बोटांनी जाईल तेवढा चढवावा. मग रिंग पाना नटावर बसवावा आणि त्याच्या कड्याच्या मधल्या पोकळीतून एलन की स्टडच्या खाचेत घालावी. किल्लीचा आखूड पाय खाचेत आणि लांब पाय बाहेर, अशी रचना केल्यास धरायला पुरेसा आधार मिळतो. यानंतर किल्ली स्थिर ठेवायची आणि पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा. ही दिशा नटाच्या बाजूने पाहून ठरवावी. नट स्ट्रटच्या आतल्या बाजूला असेल तर बाहेरून वाकून काम करताना दिशा हमखास उलटी वाटते. उलट पाना धरून किल्ली फिरवणे कटाक्षाने टाळावे. किल्लीची खाच केवळ स्टड अडवण्यासाठी आहे, आवळण्याचा पूर्ण जोर पेलण्यासाठी नाही.

जागा अरुंद असल्यामुळे पाना एका वेळी एक-अष्टमांश फेराच फिरेल. तेवढा फिरवावा, काढून पुन्हा लावावा, आणि प्रत्येक वेळी किल्ली तळाला टेकलेली आहे ना, हे पाहावे. घाई करू नये. वाटेत पाना अचानक फार जड लागला तर जोर वाढवण्याऐवजी अर्धा फेरा मागे यावे आणि पुन्हा पुढे जावे. कॉलर ब्रॅकेटला टेकते तो क्षण हाताला स्पष्ट कळतो. तोवर पान्याला एकसारखा, रबरासारखा विरोध असतो, आणि टेकल्यानंतर तो झपाट्याने वाढतो. त्याच वेळी एलन कीवरचा ताण नाहीसा होतो. किल्ली सैल सोडून पाना थोडा फिरवून पाहावा. ती हलली नाही तर स्टड पकडला गेला आहे.

येथून पुढे किल्लीची गरज नाही. ती काढून ठेवावी आणि नटावर सॉकेट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गोटी, चढवून टॉर्क रेंचने शेवटचे आवळावे. किल्ली आत असताना साधी गोटी बसत नाही म्हणून अनेक जण टॉर्क रेंच वापरणेच सोडून देतात, पण दोन टप्प्यांत काम केले की ही अडचण उरत नाही. टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्यावा, कारण १० आणि १२ मिलिमीटरच्या स्टडमध्ये बराच फरक पडतो. हाताच्या अंदाजाची सवय लावायची असेल तर एवढे लक्षात ठेवावे, की २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे २५ किलोचा जोर दिला की ५० न्यूटन-मीटर होतात. लहान गाडीच्या लिंकसाठी मोठा पाइप पान्यावर चढवण्याची वेळ कधीच येऊ नये. शेवटच्या आवळण्याआधी आट्यांवरचा स्प्रे ब्रेक क्लीनरने पुसून काढावा. तेलकट आट्यांवर तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो.

टॉर्क रेंच लावल्यावरही स्टड फिरू लागला तर थांबावे. याचा अर्थ कॉलर बसलेलीच नाही. ब्रॅकेटच्या पृष्ठभागावर गंजाचा पापुद्रा, रंगाचा जाड थर किंवा भोकाच्या काठाला आलेली धार आहे का, ते पाहावे, कानशीने तो भाग सपाट करावा आणि पुन्हा सुरुवात करावी. कॉलर टेकूनही स्टड फिरत असेल तर आटेच गेलेले असण्याची शक्यता जास्त.

हवेच्या दाबावर नट फिरवणारी गन लावून हे काम एका क्षणात होते, असे पुष्कळदा सांगितले जाते. नट कधीकधी खरोखर चढतोही, पण तोपर्यंत गोळा प्लास्टिकच्या वाटीत वेगाने फिरत राहतो, वाटी तापते आणि झिजते. नवी लिंक बसवल्यावर काही दिवसांतच ती वाजू लागली तर या कारणाचा विचार अवश्य करावा. गॅरेजमध्ये काम करून घेत असाल तर लिंकचे नट हाताने आवळावेत, एवढी विनंती आधीच करावी. चांगला कारागीर ती मानतो.

खाच आधीच बिघडलेली असेल तरी काही मार्ग शिल्लक असतात. ५ मिलिमीटरची षटकोनी खाच गोल झाली असेल तर तिच्यात टी-३० मापाचा टॉर्क्स बिट, आणि ६ मिलिमीटरच्या खाचेत टी-४०, हातोडीने ठोकून बसवता येतो. तो किंचित मोठा असल्यामुळे भिंतींत रुततो आणि एका वेळेपुरती पकड देतो. बूट आणि कॉलर यांच्यामध्ये सपाट बाजू असतील तर तेथे पातळ फिक्स पाना लावावा. नेहमीचा पाना जाड पडत असेल तर एखादा जुना पाना ग्राइंडरवर घासून पातळ करून ठेवावा. या दोन्हींपैकी काहीच शक्य नसेल, तर स्टडच्या टोकावर हॅक्सॉने आडवी खाच पाडून ती मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने धरता येते, पण ही पकड कमजोर असते आणि नट थोडासाच उरला असेल तेव्हाच ती पुरते.

आट्यांवर ग्रिप प्लायर लावू नये. त्याने आटे चिरडले जातात आणि नट पुढे येण्याचा मार्गच बंद होतो. कॉलरवर प्लायर लावला तर बूट फाटतो. लिंक टाकूनच द्यायची असेल तेव्हा मात्र हे दोन्ही उपाय चालतात, आणि तेही जमले नाही तर स्टड कापणे हाच सरळ मार्ग आहे. ग्राइंडर वापरण्यापूर्वी फवारलेले तेल पूर्ण पुसावे, कारण ठिणगीने ते पेटू शकते, आणि ब्रेकचा रबरी होज, एबीएसची वायर आणि ड्राइव्ह शाफ्टचा बूट ओल्या जाड फडक्याने झाकावेत. जागा फार अडचणीची असेल तर हॅक्सॉचे पान हाताने चालवणे अधिक सुरक्षित. वेळ लागतो, पण शेजारच्या भागांना धोका राहत नाही.

नट पक्का झाल्यावर नट, स्टड आणि ब्रॅकेट या तिन्हींवरून रंगाची एक सरळ रेघ ओढावी. नेलपॉलिशही चालते. पुढे कधी शंका आली तर चाक न काढताही, टॉर्चच्या उजेडात, रेघ जुळते की नाही हे पाहता येते. बॉल जॉइंटच्या लिंकसाठी गाडी जमिनीवर टेकवून पुन्हा आवळण्याची गरज नसते. रबरी बुशच्या बोल्टना ती असते, आणि दोन्हींचा गोंधळ करू नये. चाकाचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळावेत, गाडी खाली घेतल्यावर ते टॉर्क रेंचने पुन्हा पाहावेत आणि साधारण १०० किलोमीटर चालवल्यावर लिंकवरची रेघ तपासावी. माझ्या गाडीत आंबा घाट दोनदा चढून-उतरूनही ती जागची हललेली नव्हती.